तळवा आधी बघ

हेल्मेट चांगलं घेतलंस, त्यावरची आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा आकडा तपासून घेतलास, हे मला फार आवडलं. आता हातांचं बोलू. बोरिवलीहून अंधेरीच्या एमआयडीसीत रोज मोटरसायकलने जाणार म्हणतेस. म्हणजे रोजचा वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे, रोजचा क्लच आणि रोजचा घाम. हेल्मेटची सक्ती मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये आहे, हातमोज्यांची नाही. म्हणून आपल्याकडे हातमोजे सगळ्यात शेवटी घेतले जातात, तेही रंग आणि मुठीवरचं चकचकीत प्लास्टिक बघून.

मला हे सगळं शिकवलं ते आमच्या भांडुपच्या कारखान्यातल्या नानांनी. नाना फोरमन होते आणि येझदी चालवायचे. लेथवर किंवा ड्रिलवर कुणी हातमोजे घालून उभा दिसला की नाना त्याला तिथून हटवायचे, कारण फिरत्या यंत्रात मोज्याचं टोक अडकलं की बोटासकट हात आत जातो. तेच नाना गेटाबाहेर आले की किक मारण्याआधी चामड्याचे हातमोजे चढवायचे आणि मनगटाचा पट्टा दोनदा ओढून बघायचे. हातमोजे घेणाऱ्या प्रत्येकाला ते एकच सांगायचे: मूठ नंतर बघ, तळवा आधी बघ.

कारण असं आहे. गाडीवरून पडताना आपण काही ठरवत नाही, हात आपोआप पुढे जातात आणि तळव्याचा खालचा भाग, मनगटाला लागून असलेला, आधी रस्त्याला टेकतो. मूठ वळून पडणारा माणूस विरळा. डांबर असो की आता सगळीकडे झालेलं सिमेंट काँक्रीट, उघडी कातडी त्यावर क्षणात सोलून निघते. तळव्याची कातडी जाड आणि खास असते, ती गेली की भरून यायला वेळ लागतो, आणि तोवर डबा उघडणं, केस विंचरणं, काहीच धड जमत नाही. पण कातडीपेक्षा मला काळजी वाटते हाडाची. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात, काजूच्या आकाराचं एक लहान हाड असतं, स्कॅफॉइड म्हणतात त्याला. हात टेकून पडलेल्या माणसाचं हे हाड बऱ्याचदा मोडतं. त्याला रक्त पुरवणारी वाट उलटी, बोटांकडच्या टोकाकडून येते, म्हणून ते जुळायला फार वेळ घेतं. शिवाय पहिल्या एक्स-रेमध्ये ते अनेकदा दिसतच नाही. देव करो आणि तुला गरज न पडो, पण पडल्यावर अंगठा ताठ केला की त्याच्या मुळाशी जी खळगी दिसते तिथे दाबून दुखत असेल, तर एक्स-रे साफ आला म्हणून गप्प बसू नकोस. हाडांच्या डॉक्टरांना "स्कॅफॉइड बघा" असं स्वतःहून सांग. कूपर असो, राजावाडी असो, भगवती असो, तिथे हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त तू नेमकी जागा बोटाने दाखवायची.

म्हणून दुकानात गेल्यावर हातमोजा आधी उलटा कर आणि तळवा बघ. मनगटाजवळच्या त्या उंचवट्यावर चामड्याचा दुसरा थर आहे का? काही हातमोज्यांवर तिथे कडक, गुळगुळीत तुकडा बसवलेला असतो, त्याला स्लायडर म्हणतात. पुष्कळांना वाटतं ती शोभा आहे. तसं नाही. नुसतं चामडं रस्त्याला धरून बसतं, हात जागीच अडतो आणि मागून सगळं शरीर त्या मनगटावर येतं. स्लायडर असला की हात घसरत पुढे जातो आणि मनगट उलटं मुडपायचं वाचतं. करंगळीच्या बाहेरच्या कडेलाही जाड थर हवा, ती कड रस्त्यावर बरीच घासली जाते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट चामड्याच्या छोट्या पट्टीने जोडलेलं दिसलं तर तो हातमोजा समजून-उमजून बनवलेला आहे असं खुशाल धर. करंगळी एकटी वळून मोडू नये म्हणून ती पट्टी असते.

युरोपात मोटरसायकलच्या हातमोज्यांना एक मानक आहे, ईएन १३५९४. आतल्या लेबलवर मोटरसायकलस्वाराचं चित्र, त्याखाली १ किंवा २ हा आकडा, आणि मुठीचं संरक्षण तपासलेलं असेल तर केपी ही अक्षरं असतात. तपासणी कशी करतात ते तुला आवडेल. साठ नंबरच्या पॉलिश पेपरसारखा पट्टा सेकंदाला आठ मीटर वेगाने फिरवतात आणि तळव्याचा तुकडा त्यावर दाबून धरतात. भोक पडायला ४ सेकंद लागले तर पहिली पातळी, ८ सेकंद टिकला तर दुसरी. म्हणजे पहिली आणि दुसरी यांत दुपटीचं अंतर आहे. आपल्याकडच्या बऱ्याच चांगल्या कंपन्या आता हे लेबल लावतात. ते असेल तर दुसरी पातळी माग. नुसतं सीई छापलेलं असेल आणि आकडा कुठेच नसेल, तर त्या छापाला काही किंमत देऊ नकोस.

आता चामडं. दुकानदार "प्युअर लेदर" म्हणेल, तेवढ्यावर थांबायचं नाही. कुठल्या जनावराचं आणि कातड्याचा कुठला थर, हे दोन प्रश्न विचारायचे. कातडं जाड असलं की ते मधून चिरून दोन थर करतात. वरचा, केसांच्या मुळांकडचा थर घट्ट विणीचा आणि चिवट असतो. खालचा, मांसाकडचा, तो स्प्लिट. स्प्लिटवर रंगाचा किंवा प्लास्टिकचा लेप देऊन तोही गुळगुळीत करता येतो आणि विकता येतो. कामगारांचे वेल्डिंगचे हातमोजे बहुतेक स्प्लिटचेच असतात. ठिणग्यांसाठी ते उत्तम, पण गाडीवर ते घालून ब्रेक लागतोय की नाही तेच कळत नाही. नागदेवी स्ट्रीटला स्वस्तात मिळतात म्हणून ते घेऊन येणारे मी पाहिलेत. तू घेऊ नकोस.

जनावर म्हणशील तर माझं मत स्पष्ट आहे: मुंबईत रोज चालवणाऱ्याला बकरीचं चामडं. पातळ असूनही ते जाडीच्या मानाने पुष्कळ चिवट असतं, बोटांना लवकर सरावतं आणि ग्रिपची, लिव्हरची जाण मरू देत नाही. गाईचं चामडं जाड आणि दणकट. ते घाटरस्त्यांना, लांबच्या पल्ल्याला छान, पण सरावायला वेळ घेतं. म्हशीचं त्याहून राठ. मेंढीचं, ज्याला बाजारात शीप नप्पा म्हणतात, ते हातात घेतल्यावर लोण्यासारखं वाटतं आणि तिथेच माणूस फसतो. ते थंडीत फिरायला जाताना घालायचं चामडं आहे, घासणं त्याला सोसत नाही. कांगारूचं सगळ्यांत हलकं आणि मजबूत, शर्यतीवाले वापरतात. त्याची किंमत बघून तू आणि मी पुढच्या दुकानात जाऊ.

कमावण्याची रीतही विचार. आपल्या कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. पायताणाला ते सर्वोत्तम, पण भिजून वाळलं की कडक होतं. हातमोज्याला क्रोमवर कमावलेलं चामडं बरं. ते मऊ राहतं, घाम आणि पाणी त्यातल्या त्यात सोसतं. ज्यांच्या हाताला क्रोमने खाज सुटते त्यांनी मात्र आत अस्तर असलेला घ्यावा आणि पहिले काही दिवस हाताकडे लक्ष ठेवावं.

चामडं ओळखायला शिकायचं असेल तर एका सुट्टीच्या दिवशी धारावीला जा. बोरिवलीहून माहीमला उतर, मुलुंड-घाटकोपरवाल्यांना शीव जवळ. काळा किल्ल्याकडे आणि शीव-वांद्रे लिंक रोडला चामड्याची दुकानं ओळीने आहेत. कातडी कमावण्याचं मोठं काम तिथून बरंचसं बाहेर गेलं, पण बॅगा, पट्टे, पाकिटं, जाकिटं शिवणारे हात अजून तिथेच आहेत. धारावीच्या मुख्य रस्त्याचं नावच संत रोहिदास मार्ग आहे. ढोर आणि चर्मकार समाजाची, आणि तमिळनाडूतून आलेल्या कातडी व्यापाऱ्यांची कित्येक पिढ्यांची मेहनत त्या गल्ल्यांत मुरलेली आहे. २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्यानंतर तिथल्या व्यवसायाला मोठा फटका बसला. आता राज्यातलं चामडं म्हणजे मुख्यतः म्हशीचं, बकरीचं आणि मेंढीचं, बाकी माल बाहेरून. तिथल्या एखाद्या जुन्या कारागिराला आदराने विचार, तो बफ, गोट, शीप असे तुकडे तुझ्या हातात ठेवेल. डोळे मिटून बोटांनी चाचप. एकदा बोटांना कळलं की कुठल्याही मॉलमध्ये तुला कुणी रेक्झिन गळ्यात मारू शकणार नाही. मोटरसायकलचे खास हातमोजे तिथे सहज मिळतील असं मात्र समजू नकोस. ते रायडिंग गिअरच्या दुकानातून घ्यायचे. धारावी शिकायला, आणि पुढे कधी शिवण उसवली तर नीट शिवून घ्यायला.

खोटं चामडं ओळखायला काही दुकानदार काडी लावून दाखवतात. तो तमाशा आहे. त्यापेक्षा कापलेली कड शोध, बहुधा पट्ट्याच्या टोकाला किंवा मनगटाच्या आत दिसते. खरं चामडं असेल तर कडेला बारीक तंतू दिसतात, रेक्झिन असेल तर मागे सरळ विणलेलं कापड दिसतं. अंगठ्याने दाबलं की खऱ्या चामड्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या उठतात आणि सोडल्यावर जातात. आणखी एक कर: पांढरा रुमाल जरा ओला करून आत आणि बाहेर घास. काळा रंग रुमालावर उतरला तर तो घामाबरोबर तुझ्या तळव्यावर आणि ऑफिसच्या कागदांवरही उतरणार.

मापावर मी जास्त बोलणार आहे, कारण हातमोजे न घालण्याचं खरं कारण माप असतं. सैल असला की बोटांची टोकं लिव्हरमध्ये अडकतात, घट्ट असला की अर्ध्या तासात बोटं बधिर होतात, आणि मग तो डिक्कीत जाऊन पडतो. पडायच्या दिवशी डिक्कीतला हातमोजा काय कामाचा? शिंप्याची टेप घे, अंगठा सोडून बोटांच्या मुळाच्या सांध्यांवरून तळव्याभोवती गुंडाळ, मूठ हलकी वळ, आणि ज्या हाताने लिहितेस तो हात मोज, तो किंचित मोठा असतो. आठ इंच म्हणजे साधारण मध्यम, नऊ म्हणजे मोठा, पण हे प्रत्येक कंपनीत बदलतं, त्यामुळे आकड्यावर विसंबून ऑनलाइन घेऊ नकोस. संध्याकाळी जा. आपल्या हवेत दिवसभरानंतर हात जरा सुजलेले असतात, सकाळी बरोबर बसलेला हातमोजा मालाडच्या ट्रॅफिकमध्ये आवळतो.

घातल्यावर बोटाच्या टोकाशी दोन-तीन मिलिमीटर जागा हवी, त्याहून जास्त नको. चामडं वापरून रुंदीला सैलावतं, लांबीला जवळजवळ नाही. म्हणून तळव्याला किंचित घट्ट चालेल, बोटाच्या टोकाला घट्ट चालणार नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच नीट खाली बसते का बघ, तिथे चामडं घासत असेल तर क्लचच्या हाताला फोड ठरलेला. मग मूठ वळ. दुकानात एखादं हँडल असेल तर ते धर, नाहीतर खाली उभ्या असलेल्या आपल्या गाडीवर जाऊन बस, दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान. दोन बोटं ब्रेकवर, दोन क्लचवर ठेवून पाच मिनिटं उघड-मिट कर. बोटांच्या वळणात शिवण टोचते का? तळव्यावर चामड्याची घडी पडून गोळा होतो का? बोटं आधीच किंचित वळवून शिवलेला हातमोजा हवा. सरळ बोटांचा हातमोजा प्रत्येक वेळी मूठ वळताना तुझ्या हाताशी भांडतो आणि संध्याकाळी कोपरापर्यंत दुखतं.

तुझा हात लहान आहे, म्हणून हे जास्त महत्त्वाचं. बहुतेक हातमोजे पुरुषांच्या हातावर बेतलेले असतात. तळवा बसला तर बोटं लांब पडतात. बायकांसाठी वेगळा साचा असलेला शोध, नुसतं गुलाबी रंग दिलेलं लहान माप नव्हे. मनगट बारीक असेल तर आणखी एक अडचण येते: वेल्क्रोचा पट्टा ओढल्यावर त्याचं टोक चिकटायच्या पट्टीच्या पलीकडे जातं आणि अर्धाच धरतो. दुकानातच पट्टा पूर्ण लाव आणि मग दुसऱ्या हाताने बोटांची टोकं धरून हातमोजा ओढ. जोरात ओढ, लाजू नकोस. निघून आला तर तो रस्त्यावरही निघून येणार, आणि निघालेला हातमोजा न घातल्यासारखाच. पट्टा मनगटाच्या हाडाच्या मागे, सगळ्यात बारीक जागी यायला हवा. दोन पट्टे असतील तर उत्तम. नाना पट्टा दोनदा ओढून बघायचे, ते यासाठी.

क्लच-ब्रेकची लिव्हर दूर वाटत असेल तर हातमोजा बदलण्याआधी लिव्हर जवळ घेता येते का ते मेकॅनिकला विचार. बऱ्याच गाड्यांवर ती सोय असते आणि कुणी वापरत नाही.

शिवणीकडे वळू. तळव्यावर दुहेरी शिवण हवी. टाके फार विरळ नकोत, तसेच फार जवळही नकोत, नाहीतर सुईच्या भोकांच्या रेषेतच चामडं फाटतं. दोरा सुती नको, नायलॉन किंवा पॉलिएस्टर हवा, त्याहून चांगला केव्हलार. एखादं सुटं टोक मिळालं तर घरी आणल्यावर पेटवून बघ: सुती जळून राख होतो, नायलॉन वितळून गोळी होते. बोटांच्या टोकांना शिवण बाहेरच्या बाजूला असली तर आत टोचत नाही, तळव्यावर मात्र ती आत झाकलेली बरी, कारण बाहेर असलेली शिवण आधी घासते.

मुठीवरचं कवच शेवटी बघायचं. ते हवं, पण त्याखाली मऊ फोम हवा आणि मूठ वळल्यावर त्याची कड हाडावर रुतायला नको. नुसतं चिकटवलेलं कार्बनसारखं दिसणारं प्लास्टिक नखाने उचलून बघ, उचकटतं. फुटपाथवर शर्यतीच्या मोठ्या कंपन्यांची नावं छापलेले हातमोजे दोन-तीनशे रुपयांत मिळतात, त्यांची खरी ओळख तिथेच होते. अर्ध्या बोटांचे तर नकोतच. रस्ता बोटांची टोकं सोडत नाही. आणि उन्हापासून हात काळे पडू नयेत म्हणून स्कूटीवर बायका जे कोपरापर्यंतचे सुती मोजे घालतात, ते उन्हासाठी ठीक, पडण्यासाठी अजिबात नाहीत. ऊन टाळायचं असेल तर तेच सुती बाह्यांचे तुकडे मनगटापर्यंत घाल आणि वरून हे हातमोजे.

मला माहीत आहे तू काय म्हणणार: मामा, मे महिन्यात चामडं? त्याचंही उत्तर आहे. बोटांच्या बाजूंना आणि हाताच्या पाठीवर बारीक भोकं पाडलेलं चामडं घे, गाडी चालू असताना त्यातून वारा फिरतो. तळव्याच्या उंचवट्यावर मात्र भोकं नकोत, तिथे चामडं अखंड हवं. तळव्याला अस्तर नसलेला, पाठीला जाळीचं अस्तर असलेला हातमोजा आपल्या हवेला सगळ्यात सोयीचा. अस्तर असेल तर दुकानातच हात दोन-तीनदा पटकन बाहेर काढ. बोटाबरोबर अस्तर उलटं बाहेर आलं तर तो परत ठेव, घामेजल्या हाताने ते पुन्हा आत बसवणं म्हणजे रोजचा वैताग. जोगेश्वरीच्या सिग्नलला हात गरम होणारच, गाडी उभी असली की वारा नसतो. पण चालू लागली की दोन मिनिटांत हलकं वाटतं. थांबलेल्या गाडीवर हातमोजे काढून आरशावर लटकवू नकोस. काळं चामडं उन्हात तापतं, सुकतं, आणि सिग्नल सुटला की माणूस ते घालायचंच विसरतो.

पावसाचं वेगळं. सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात कुठलंच चामडं कोरडं राहत नाही. आत पाणी अडवणारा पडदा असलेले चामडी हातमोजे मिळतात, पण मुंबईच्या दमटपणात त्यात हात घामानेच भिजतो आणि लिव्हरची जाणही जाते. माझं ऐकशील तर मुसळधार पावसासाठी कापडी किंवा निओप्रीनचा वेगळा, स्वस्तातला जोड ठेव. त्याच्या डाव्या अंगठ्यावर रबराची छोटी पट्टी असते, हेल्मेटची काच पुसायला, ती फार कामाची आहे. रेनकोटची बाही हातमोज्याच्या वरून घे, आत खोचू नकोस, नाहीतर बाहीवरून ओघळणारं सगळं पाणी मोज्यात जमा होतं. जून-जुलैत मेट्रोच्या कामाजवळच्या लोखंडी पट्ट्या, पेव्हर ब्लॉक आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले असतात तेव्हा हात मोकळे आणि जाणते हवेत. दोन-तीन सरी अवचित आल्या आणि चामडी जोड भिजला तर घाबरू नकोस. पुढे सांगतो ते कर.

भिजलेला हातमोजा पिळायचा नाही. कोरड्या पंच्याने दाबून पाणी टिपायचं, आत वर्तमानपत्राचे सैल बोळे घालायचे आणि पंख्याखाली सावलीत वाळवायचा. उन्हात नाही, इस्त्रीखाली नाही, गाडीच्या गरम इंजिनवर तर मुळीच नाही. उष्णतेने चामड्यातलं तेल निघून जातं आणि ते पुठ्ठ्यासारखं तडकतं. पूर्ण वाळण्याआधी, किंचित ओलसर असताना एकदा हातात घालून मूठ वळून घे, म्हणजे आकार राहतो. नंतर चामड्याचं कंडिशनर अगदी थोडं, पाठीला जास्त, तळव्याला नाममात्र. घरात खोबरेल असतं म्हणून ते चोपडू नकोस. चामडं काळवंडतं, कालांतराने खवट वास येतो आणि ग्रिप घसरते.

पावसाळ्यात पांढरी-हिरवी बुरशी येतेच, आपल्या कपाटांना ती चुकलेली नाही. व्हिनेगर आणि पाणी सारखं घेऊन त्यात फडकं हलकं ओलं कर, बुरशी पूस, सावलीत वाळव. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नकोस, सुती पिशवी घे आणि नव्या बुटांच्या खोक्यात येणाऱ्या त्या वाळवणाऱ्या गोळ्यांची पुडी आत टाक. रोजच्या घामाचं म्हणशील तर तो खारट असतो आणि चामडं आतून कोरडं करतो. पोहोचल्यावर हातमोजे डिक्कीत कोंबू नकोस, टेबलाच्या बाजूला, तोंड उघडं ठेवून पसर. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने आतून पूस. वास घालवायला अत्तर मारू नकोस, त्यातलं अल्कोहोल चामडं सुकवतं.

नवे हातमोजे घेऊन लगेच लांबच्या राइडला निघायचं नाही. आरेच्या रस्त्याने पहाटे एक-दोन फेऱ्या मार, संध्याकाळी घरी पेपर वाचताना घालून बस. सरावले की मग माळशेज किंवा खंडाळा. सी-लिंक, कोस्टल रोड आणि पुण्याचा एक्स्प्रेसवे दुचाकीला बंदच आहेत, त्यामुळे पुण्याला जायचं झालं तर तुझी वाट जुन्या हायवेची, पनवेल, खोपोली, खंडाळा घाट. तिथे जाताना मनगटावरून पुढे येणारा, लांब कडेचा हातमोजा असेल तर बरा, जाकिटाची बाही आणि हात यांच्यामध्ये उघडी कातडी राहत नाही. शहरात मात्र आखूडच सोयीचा.

हातमोजा घालण्याआधी अंगठी काढ. चामड्याखाली अंगठी असताना हात आपटला तर बोट सुजतं आणि अंगठी कापून काढावी लागते. काचेच्या बांगड्या हातमोज्याच्या कडेखाली अजिबात नकोत, सण असला तरी नकोत. बॅगेत ठेव आणि पोहोचल्यावर घाल. आणि चेनला तेल देताना हातमोजे काढून, इंजिन बंद करून, चाक हाताने फिरवायचं. गाडी गिअरमध्ये चालू ठेवून चेन पुसताना किती जणांची बोटं गेली आहेत ते कुठल्याही मेकॅनिकला विचार. नानांचा लेथवरचा नियम इथेही तसाच लागू आहे.

पैशांचं. चांगला बकरीच्या चामड्याचा जोड साधारण दोन-अडीच हजारांपासून पुढे मिळतो. फोनच्या कव्हरपेक्षा जास्त, फोनपेक्षा खूप कमी. हात तंग असेल तर क्रम असा लाव: आधी पूर्ण बोटं, मग तळव्यावरचा दुसरा थर, मग मनगटाचा पट्टा, मग चामड्याची जात. मुठीचं कवच आणि फोन चालवता येणारं बोट, ही शेवटची. एकदा जोरात पडून घासलेला हातमोजा पुन्हा वापरू नकोस आणि धाकट्या भावालाही देऊ नकोस. आपल्या इमारतीत रोज जेवण घेऊन येणारी पोरं दिवसभर रस्त्यावर असतात, तीही उघड्या हाताने किंवा अर्ध्या बोटांच्या जिमच्या मोज्यांनी. त्यांना या शहरात सगळ्यात जास्त गरज आहे. कुणाच्या वाढदिवसाला सोसायटीने वर्गणी काढून एखादा जोड दिला, तर केकपेक्षा तो खर्च सार्थकी लागेल.

जाता जाता मागे बसणाऱ्याचं. जून २०२२ पासून मुंबईत मागच्या स्वारालाही हेल्मेटची सक्ती आहे. पडताना त्याचाही हात तुझ्याआधी किंवा तुझ्याबरोबरच रस्त्याला टेकणार. धाकट्याला अधूनमधून स्टेशनला सोडतेस ना? त्याच्या मापाचा दुसरा जोड याच वेळी घे, आणि दोन्ही जोडांची पावती जपून ठेव, शिवण लवकर उसवली तर दुकानदाराला बदलून द्यायला सांगता येईल.